पहिल्या खुर्चीवरची फुलं

१

वाद्यवृंदात सगळ्यांत आधी एकटा सूर निघतो तो ओबोचा. सनईच्या जातकुळीतलं हे काळं, सडपातळ वाद्य. त्यानं एक लांब सूर धरायचा आणि बाकीच्यांनी आपापली वाद्यं त्याला जुळवून घ्यायची, अशी रीतच आहे. त्या दुपारी मध्यंतरानंतर तो सूर निघाला, थरथरला आणि मधेच तुटला.

आधी कुणाला काही वाटलं नाही. माणूस आहे, शिंक आली असेल. मग पहिल्या खुर्चीवरच्या बाईंनी वाद्य मांडीवर ठेवलं, दोन बोटांनी स्वतःचा खालचा ओठ चाचपला, शेजारणीला काहीतरी विचारलं आणि गळ्याशी हात नेत त्या खुर्चीवरून खाली घसरल्या. त्यांच्यापुढचं स्टँड कोसळलं, कागद उडाले, कुणीतरी किंचाळलं, आणि बघता बघता सगळं सभागृह उभं राहिलं.

थोरलीनं हे सगळं दुर्बिणीतून पाहिलं आणि तिची पाचावर धारण बसली. शेजारच्या खुर्चीवर होती ती तिची सख्खी धाकटी बहीण. आणि मध्यंतर झालं तेव्हा त्याच बाईंच्या पाण्याच्या डबीवर वाकून धाकटी काहीतरी ओतत होती, तेही थोरलीनं ह्याच दुर्बिणीतून पाहिलं होतं.

२

थोरली मुळातच भित्री. वसतिगृहात असताना पाल दिसली तरी ही बया खाटेवर उभी. तेव्हापासून मैत्रिणी तिला ‘ससा’ म्हणत. आता तिचं स्वतःचं चष्म्याचं दुकान होतं, केस पांढरे व्हायला लागले होते, पण ससा काही सुटला नव्हता. आई गेली तेव्हा धाकटी शाळेत होती. तिला वाढवलं ते थोरलीनं. धाकटीला ताप आला की ही रात्रभर उशाशी बसलेली, तिला यायला उशीर झाला की ही खिडकीत उभी. आज धाकटी मोठ्या वाद्यवृंदात पहिल्यांदा बसणार, तर सकाळपासून हिच्याच घशाखाली घास उतरला नव्हता.

बरोबर वसतिगृहातल्याच दोघी होत्या. एक दातांची डॉक्टर, म्हणून तिचं नाव कवळी. दुसरी शाळेत भूगोल शिकवते आणि स्वतः सरळ रस्तासुद्धा चुकते, म्हणून ती नकाशा. आजही सभागृहाच्या मागच्या दारी जाऊन ती दहा मिनिटं दार ठोठावत बसली होती.

“काय गं ससे, आज तरी कॉफी तोंडात जातेय ना?” नकाशानं विचारलं.

गेल्याच आठवड्यात कवळीनं थोरलीची दाढ भरली होती. दुपारभर खालचा ओठ आपला आहे की शेजारणीचा, हेच कळत नव्हतं. त्या ओठानं थोरली चहा प्यायला गेली आणि अख्खा कप पदरावर घेऊन बसली. नकाशानं त्यावरून तिला फोनवर पिडून पिडून हैराण केलं होतं.

थोरलीच्या हातात गच्चीतल्या कुंडीतली पांढरी फुलं होती. घरात रिबिन सापडेना, म्हणून देठांना तिनं दुकानातलं भिंग पुसायचं पिवळं फडकं बांधलं होतं.

“अगं, बहिणीला फुलं देतेयस की चष्मा?” नकाशा म्हणाली. “आणि कवळे, लेक नाही आली?”

“डोकं दुखतंय म्हणाली,” कवळी म्हणाली.

कवळीची लेकही ओबोच वाजवायची. ओबोच्या तोंडाशी वेताची पातळ पात असते. ती पाण्यात भिजवायची, मगच ओठांत धरायची, आणि त्यासाठी वाजवणाऱ्याजवळ इवलीशी पाण्याची डबी कायम असते. हे सगळं त्या पोरीनंच थोरलीला कवळीच्या स्वयंपाकघरात बसून दाखवलं होतं. वाद्यवृंदातल्या ह्याच जागेसाठी दोघी पोरी पडद्यामागे बसून वाजवून आल्या होत्या. जागा धाकटीला मिळाली; वर्षभर तालमी झाल्या, मंचावर ती आज पहिल्यांदा. अभिनंदनाचा पहिला फोन कवळीचाच आला होता. त्यानंतर वर्ष झालं, लेकीनं ओबो कपाटात टाकला तो बाहेर काढला नव्हता. कवळी त्याबद्दल बोलत नसे, आणि ह्या दोघींना विचारायचा धीर होत नसे.

कार्यक्रम सुरू झाला आणि थोरलीच्या आनंदाला पारावार उरला नाही. धाकटी चक्क ओबोच्या पहिल्या, म्हणजे मुख्य वादकाच्या खुर्चीवर बसली होती! तिच्या शेजारी, दुसऱ्या खुर्चीवर, करड्या केसांच्या त्या बाई होत्या, ज्यांना सगळे ‘मॅडम’ म्हणतात.

“पहिली खुर्ची! मला बोलली नाही कार्टी.”

“बघू,” कवळी म्हणाली. तिनं दुर्बीण घेतली आणि बराच वेळ परत दिली नाही.

मध्यंतर झालं. दिवे लागले, नकाशा कॉफीच्या मागे धावली, कवळी खुर्चीखाली वाकून पर्स ओढू लागली. थोरलीनं धाकटीला बघायला पुन्हा दुर्बीण लावली. मॅडम पाठमोऱ्या चालल्या होत्या. धाकटी पहिल्या खुर्चीपुढच्या डबीवर वाकून तीत बाटलीतून काहीतरी ओतत होती. तेव्हा थोरलीला त्यात काही वावगं वाटलं नाही.

“दे ती फुलं,” कवळी उठत म्हणाली. “तुझे पाय लटपटतायत. मी ठेवून येते तिच्या खुर्चीवर.”

मध्यंतरात हौशी लोक वाद्यं बघायला मंचाजवळ गर्दी करतातच. कवळी त्या गर्दीत दिसेनाशी झाली. घंटा वाजली तेव्हा ती रुमालाला हात पुसत परत आली.

“ठेवलीस?”

“ठेवली,” कवळी म्हणाली.

वादक परत आले. मॅडम पहिल्या खुर्चीवर बसल्या, धाकटी दुसरीवर.

“ही का बसली तिथं?” कवळी अर्धवट उठली.

“बस ना गं, मागच्यांना दिसत नाही,” नकाशानं तिचा पदर ओढला, आणि कवळी बसली.

मग तो सूर निघाला आणि तुटला. मॅडम कोसळल्या तशी सगळ्यांच्या आधी मंचाकडे धावली ती कवळीच. “ॲलर्जी आहे! घसा सुजतोय! इंजेक्शन आणा, उभे काय राहिलात!” तिच्या ओरडण्यानंच प्रेक्षकांतला एक डॉक्टर औषधाची पेटी घेऊन पळाला. मॅडमना उचलून नेलं तेव्हा त्या श्वास घेत होत्या. पण चेहरा इतका सुजला होता की डोळे दिसत नव्हते.

त्यानंतर सभागृहाची दारं बंद झाली आणि सांगण्यात आलं की कुणीही बाहेर जायचं नाही.

३

तालमीच्या खोलीत इन्स्पेक्टर बसले होते आणि त्यांनी बूट काढून ठेवले होते. बूट नवे होते, चावत होते. कुणी त्यांच्या मोज्यांकडे पाहिलं की ते स्वतःच सांगून टाकत.

“मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही,” ते प्रत्येकाला म्हणत. “तेव्हा मला लहान मुलाला सांगतात तसं सांगा.”

मंचाची व्यवस्था बघणारा माणूस वैतागलेला होता. “साहेब, मध्यंतरात फुलं घेऊन ढिगानं लोक येतात. कुणी खुर्चीवर ठेवतात, कुणी फोटो काढतात. मी त्यांची तोंडं बघत नाही, पाय बघतो. वायरीत अडकून पडू नयेत म्हणून.”

मॅडमच्या मागे बसून क्लॅरिनेट वाजवणारा माणूस म्हणजे त्यांचा घटस्फोटित नवरा. त्याच्यावर सगळ्यांचीच नजर होती, आणि त्यालाही ते ठाऊक होतं.

“आमचं पटत नव्हतं, हे जगजाहीर आहे,” तो म्हणाला. “पण साहेब, मी तिला सोडलं, तिचा सूर नाही सोडला. रोज तिच्या पाठीमागं बसतो ते काही उगाच नाही. मला इस्पितळात जाऊ द्या.”

इन्स्पेक्टरांनी त्याला हवालदाराबरोबर इस्पितळात धाडलं.

मग ह्या तिघींना एकदम बोलावलं. नकाशानं कॉफीच्या रांगेची हकिगत इतकी लांबवली की इन्स्पेक्टरांनी हात जोडले. ते कवळीकडे वळले.

“तुमच्यामुळे बाई वाचल्या, असं डॉक्टर म्हणाले. फार उपकार झाले. मध्यंतरात कुठं होतात?”

“बाथरूमच्या रांगेत,” कवळी म्हणाली. “पूर्ण वेळ. बायकांची रांग कशी असते, तुम्हाला काय सांगायचं.”

थोरलीनं तोंड उघडलं आणि मिटलं. फुलं? फुलं ठेवून मग गेली असेल रांगेत. एवढ्या गोंधळात कुणाच्या लक्षात राहणार? आणि थोरलीला तरी फुलांचा विचार करायला फुरसत कुठं होती? तिच्या डोळ्यांपुढं डबीवर वाकलेली धाकटी होती.  तिनं हात दुर्बिणीच्या पट्ट्याखाली लपवले.

“चांगली दुर्बीण आहे,” इन्स्पेक्टर म्हणाले. “मध्यंतरात काही दिसलं?”

“नाही, साहेब.”

“डॉक्टर म्हणतात, मॅडमच्या डबीतल्या पाण्यात कुणीतरी काहीतरी मिसळलंय. डबीजवळ कुणी दिसलं?”

“काही नाही दिसलं, साहेब.” आयुष्यात कधी पोलिसाशी न बोललेली बाई, आणि पहिल्याच भेटीत खोटं. तिची बोबडी वळायची तेवढी बाकी होती.

इन्स्पेक्टरांनी पाय जरा चोळला. “मागच्या रांगेतल्या दोघांनी तुमच्या बहिणीला मॅडमच्या डबीत काहीतरी ओतताना नुसत्या डोळ्यांनी पाहिलं,” ते शांतपणे म्हणाले. “आणि तुम्हाला दुर्बिणीतून दिसलं नाही?”

४

कवळी आणि नकाशा बाहेर गेल्या. थोरलीला इन्स्पेक्टरांनी थांबवलं.

“बघा ताई,” इन्स्पेक्टर म्हणाले, “मी साधा हिशेब करतो. पहिली खुर्ची रिकामी झाली तर बसणार कोण? तुमची बहीण. डबीला हात कुणी लावला? तुमच्या बहिणीनं. आणि खोटं कोण बोललं? तिची थोरली बहीण. आता तुम्हीच सांगा, मी काय समजू?”

“ती मुंगी मारत नाही हो,” थोरली म्हणाली आणि रडायला लागली. “तिला विचारताना मला बसू द्या. मी एक शब्द बोलणार नाही.”

धाकटीला आणलं. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं. थोरलीला वाटलं, उठावं, तिला पदराखाली घ्यावं आणि पळावं. पण पळणार कुठं?

“डबीत काय ओतलंत?” इन्स्पेक्टरांनी विचारलं.

“पाणी! ताजं पाणी. मध्यंतरात पाणी बदलायचं काम नव्या मुलीचं असतं. मी दोन्ही डब्यांतलं बदललं.”

“पण पहिल्या खुर्चीवर तर तुम्ही होतात. मग तिथली डबी मॅडमची कशी?”

धाकटीनं डोळे पुसले. “पहिल्या भागात मी होते. दुसऱ्या भागातल्या रचनेत ओबोला फार काम आहे. त्यासाठी मॅडम ओठ राखून ठेवतात आणि पहिल्या भागात दुसरीला आपल्या जागी बसवतात. मध्यंतर झालं की आपापल्या जागा. मी उठतानाच माझी डबी पलीकडे ठेवली, त्यांची इकडे आणली, पाणी भरलं आणि आत गेले.”

“हे कुणाकुणाला माहीत असतं?”

“आमच्यात सगळ्यांना. ढोल वाजवणाऱ्यालासुद्धा. सगळीकडे असंच करतात.”

“आणि बाहेरच्यांना?”

“बाहेरच्यांना कसं कळणार? त्यांना तर डबी असते हेसुद्धा माहीत नसतं. लोक मला विचारतात, ती शाई आहे का म्हणून.”

“पडायच्या आधी मॅडम काय म्हणाल्या तुम्हाला?”

धाकटीचा आवाज पुन्हा फुटला. “म्हणाल्या, ‘अगं, माझा ओठ कुठं गेला?’”

थोरलीचा हात आपोआप स्वतःच्या ओठाकडे गेला. का, ते तिला लगेच उमगलं नाही.

“बाहेर बसा, घोटभर पाणी प्या,” इन्स्पेक्टर धाकटीला म्हणाले. “एकट्या राहू नका.”

“डॉक्टरताई आहेत ना माझ्याजवळ,” धाकटी जाता जाता थोरलीला म्हणाली. “मघापासून माझा हात धरून बसल्यात गं बिचाऱ्या.”

दार बंद झालं. इन्स्पेक्टरांनी टेबलाखालून एक गुच्छ काढला. फुलं चुरगळली होती, पाकळ्यांवर बुटाचा ठसा होता.

“एवढं एकच कळत नाही. हा मॅडमच्या खुर्चीखाली मिळाला. त्यांना कुणी दिला असेल?”

पांढरी फुलं. देठांना पिवळं फडकं.

“त्यांना नाही दिला,” थोरली म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. “हा माझा आहे. धाकटीसाठी पाठवला होता. तिच्या खुर्चीवर ठेवायला.”

“मग तो मॅडमच्या खुर्चीवर कसा गेला?”

“ती धाकटीची खुर्ची वाटली म्हणून!” थोरली उभी राहिली. “साहेब, मॅडमना कुणी काही केलेलं नाही. जे केलं ते माझ्या बहिणीला करायचं होतं. आणि करणारी आत्ता तिच्याजवळच बसलीय!”

जन्मभर मैत्रिणींच्या मागे लपलेली ती बाई दार उघडून अशी काही पळत सुटली की इन्स्पेक्टरांना बूट घालायलाही वेळ मिळाला नाही.

५

रंगपटाच्या खोलीत आरशापुढे धाकटी बसली होती. कवळी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. धाकटीच्या हातात पाण्याचा पेला होता आणि तो ओठांना लागणार, इतक्यात थोरलीनं तो हाणून पाडला.

“ताई! वेड लागलं का तुला?”

“इकडे ये. माझ्या मागं उभी राहा. ये म्हणते ना!”

कोपऱ्यात जांभई देत बसलेली नकाशा ताडकन उठली. कवळी मात्र हलली नाही. ती फरशीवर पसरलेल्या पाण्याकडे बघत राहिली.

“पाणीच होतं गं,” ती म्हणाली. “साधं पाणी.”

“मध्यंतरात कुठं होतीस, कवळे?”

“रांगेत. सांगितलं ना.”

“मग माझी फुलं चालत गेली खुर्चीवर?”

इन्स्पेक्टर मोजे फरशीवर आपटत दारात येऊन थांबले होते. त्यांच्या हातात गुच्छ होता. कवळीनं तो पाहिला.

“ठेवली फुलं. मग रांगेत गेले,” ती म्हणाली. “फुलं ठेवणं गुन्हा आहे का?”

“मंचावर गेलीस हे लपवलंस ते का? आणि फुलं ठेवलीस तरी कुठल्या खुर्चीवर?” थोरलीनं आरशाची कड धरली. “ऐका साहेब. आतल्या सगळ्यांना ठाऊक होतं की मध्यंतरानंतर त्या दोघी जागा बदलतात. धाकटीचं वाईट करायचं असतं तर त्यांच्यातला कुणी पहिल्या खुर्चीच्या डबीला हात लावला नसता. आणि बाहेरच्यांना डबी म्हणजे काय हेच माहीत नसतं. म्हणजे ज्यानं हे केलं त्याला डबी नीट ठाऊक होती, पण खुर्च्या ठाऊक नव्हत्या. ज्यानं ओबो घरात जवळून पाहिलाय, रोज ऐकलाय, पण वाद्यवृंद कधी आतून पाहिला नाही, असं माणूस. कवळे, असं माणूस ह्या सगळ्या सभागृहात माझ्याशिवाय एकच आहे.”

कवळीनं पर्स जवळ ओढली.

“मॅडम तिथं बसल्या तेव्हा तू म्हणालीस, ‘ही का बसली तिथं?’ सूर अजून निघालासुद्धा नव्हता. मग तू धावलीस आणि ओरडलीस, ॲलर्जी म्हणून. तुला कसं कळलं गं? बाकी सगळ्यांना वाटलं झटका आलाय. आणि मॅडम म्हणाल्या, माझा ओठ कुठं गेला.” थोरलीनं स्वतःच्या ओठाला हात लावला. “माझाही असाच गेला होता. तुझ्या खुर्चीत बसल्यावर.”

“पर्स द्या, डॉक्टर,” इन्स्पेक्टर म्हणाले.

कवळीनं पर्स दिली नाही. तिनं स्वतःच ती उघडली, आतून दात बधिर करायच्या औषधाची छोटी बाटली काढली आणि आरशापुढे ठेवली. रोज कितीतरी माणसांच्या तोंडात वापरते तीच.

“हिनं कुणी मरत नाही,” ती म्हणाली. “मला फक्त तिचा सूर हलायला हवा होता. चारचौघांत. ओठ बधिर झाले की ओबोतून फुंकर निघते नुसती. लोक हसले असते, दुसऱ्या दिवशी तिला कळलं असतं, कपाटात वाद्य टाकून भिंतीकडे तोंड करून पडणं म्हणजे काय असतं. एवढंच. त्या बाईंना सोसणार नाही, हे मला काय माहीत?”

“तुला दिसलं होतं, कवळे,” थोरली म्हणाली. “त्या बसल्या ते दिसलं, पात तोंडात धरली ते दिसलं. तू उठलीसही. मग ओरडली का नाहीस?”

“नकाशानं पदर ओढला,” कवळी म्हणाली, आणि मग तिचं तिलाच ते ऐकवेना. “नाही. ओरडले असते तर सगळं सांगावं लागलं असतं. वाटलं, होऊन होऊन काय होईल, तिचाही ओठ बधिर होईल तासभर. रोज पेशंटला विचारते मी, कसली ॲलर्जी आहे का म्हणून. रोज विचारते. आज नाही विचारलं.”

“काय केलं होतं मी तुमचं?” धाकटी थोरलीच्या पाठीआडून म्हणाली.

“तू जागा घेतलीस माझ्या लेकीची! तुझी ओळख होती आत, वशिला होता.”

“पडदा होता हो, डॉक्टरताई,” धाकटी रडत रडत म्हणाली. “बाईमाणूस की बापई, ते चपलांच्या आवाजावरूनही कळू नये म्हणून खाली गालिचा अंथरला होता. परीक्षकांना काही दिसत नव्हतं. वाजवायला मी पाचवी होते, ती सहावी. एवढंच त्यांना ठाऊक.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. इस्पितळातून क्लॅरिनेटवाला बोलत होता. इन्स्पेक्टरांनी मान हलवली तशी धाकटीनं फोन घेतला. ऐकता ऐकता तिनं डोळे मिटले.

“मॅडम शुद्धीवर आल्या,” ती म्हणाली.

 नकाशा मोठ्यानं रडायला लागली. धाकटी मात्र अजून ऐकत होती. मग तिनं सावकाश फोन खाली घेतला आणि कवळीकडे पाहिलं.

“मॅडम म्हणतात, पुढच्या कार्यक्रमाला त्यांना वाजवता येणार नाही. पहिल्या खुर्चीवर मी बसायचं. आणि दुसऱ्या खुर्चीवर...” तिनं फोन छातीशी धरला. “दुसऱ्या खुर्चीवर पडद्यामागची सहावी मुलगी बोलवा, म्हणतात. सगळ्यांनी पाचवीला मत दिलं तेव्हा त्यांनी एकट्यांनी सहावीला दिलं होतं. तिचा सूर अजून कानात आहे म्हणाल्या. वर्षभर विचारतायत, ती मुलगी पुन्हा का आली नाही.”

कवळीच्या तोंडातून एक विचित्र आवाज निघाला. ती भिंतीला टेकली आणि तिनं तोंडावर पदर दाबला.

६

इन्स्पेक्टर बूट घालून आले. आता त्यांना बूट चावत होते की नाही, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दाराशी कवळी थांबली.

“ससे,” ती म्हणाली. “तुझ्याकडं काही मागायचं तोंड नाही मला. पण लेकीला तूच फोन कर. आधी खुर्चीचं सांग. माझं मग सांग. एवढं कर.”

थोरलीला तिचा राग आला होता. इतका, की हात उगारावासा वाटत होता. आणि वसतिगृहात पाल हाकलायला झाडू घेऊन धावायची ती हीच, हेही आठवत होतं. तिनं मान हलवली. कवळी गेली, बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

खोलीत धाकटी नकाशाच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. थोरलीनं फोन काढला. दिवसभर ती घाबरतच होती. बहिणीला धरून नेतील म्हणून घाबरली, मग तिला मारतील म्हणून घाबरली. पण आता बोट कवळीच्या लेकीच्या नावावर टेकवताना जी भीती वाटली, तिच्यापुढं ते सगळं काहीच नव्हतं.

“मावशी?” पोरीचा आवाज झोपेतून उठल्यासारखा होता.

“बाळा, ऐक,” थोरली म्हणाली. “तुला वाद्यवृंदात बोलावलंय. पुढच्याच कार्यक्रमाला. धाकटीच्या शेजारी. मॅडमनी स्वतः नाव... नाव नाही, तुझा सूर सांगितला. त्यांनी तेव्हाही तुलाच मत दिलं होतं.”

 पलीकडून वस्तू हलवल्याचा आवाज आला, कपाट उघडल्याचा आला, आणि मग ती पोर हसायला लागली. हसता हसता रडत होती, रडता रडता हसत होती. वर्षभरात थोरलीनं तिचं हसू ऐकलं नव्हतं.

“मावशी, आईला नको सांगूस हं,” ती धापा टाकत म्हणाली. “तिला मीच सांगणार. आहे ना ती तिथं? दे ना तिला फोन.”